पंचवीस कुंड्यांचे ठिबक किट: घ्यावे का, आणि घेतले तर कसे जोडावे

ऑनलाइन दुकानांत ‘२५ कुंड्यांसाठी ठिबक किट’ म्हणून जो डबा साधारण पाचशे ते हजार रुपयांत मिळतो, त्याच्याबद्दल लोकांची मते दोन टोकांची असतात. एकाच्या मते वस्तू झकास आहे, आठवडाभर गावाला गेलो तरी झाडे टवटवीत राहतात. दुसऱ्याच्या मते पैसे पाण्यात गेले, शेवटच्या आठ-दहा कुंड्यांत थेंबही पडत नाही. बहुतेक वेळा दोघेही खरे बोलत असतात. पहिल्याची बाल्कनी चौथ्या मजल्यावर असते आणि दुसऱ्याची बाग गच्चीवर, टाकीच्या अगदी पायाशी.

हे किट कुंड्यांच्या संख्येवर विकले जाते, पण ते चालते पाण्याच्या दाबावर. डब्यावर दाबाबद्दल एक अक्षर नसते. दर १० मीटर उंचीला साधारण १ बार (दाबाचे माप) दाब मिळतो. गच्चीवरच्या टाकीचा तळ स्लॅबपासून दोन मीटर वर आणि आत मीटरभर पाणी असेल, तर स्लॅबवर ठेवलेल्या कुंडीला ०.२ ते ०.३ बार मिळतो. त्याच टाकीचे पाणी सहा मजले खाली गेले की बाल्कनीच्या नळाला २ बारच्या आसपास दाब असतो. गच्चीवर तोटीतून (म्हणजे कुंडीत थेंब सोडणाऱ्या ड्रिपरमधून) पाणी निघत नाही आणि खालच्या मजल्यावर जोडण्या फटाफट सुटून भिंती भिजतात. किट तेच, इमारतही तीच.

म्हणून ऑर्डर देण्याआधी एक काम करा. दोन-तीन मीटरची पारदर्शक नळी नळाला घट्ट बसवा, नळ उघडा आणि नळीचे मोकळे टोक हळूहळू वर न्या. पाणी ज्या उंचीला येऊन थांबेल, त्या उंचीपासून कुंडीच्या काठापर्यंतचे अंतर मोजा. तेवढाच तुमचा दाब. टोक हात पोचेल तेवढे वर नेले तरी पाणी वाहतच राहिले, तर दाब कमी पडण्याची काळजी नाही. मीटरभरात थांबले, तर हे किट जसेच्या तसे तुमच्यासाठी नाही. टाकी अर्धी रिकामी असतानाही एकदा मोजा, कारण संध्याकाळी टायमर चालू होईल तेव्हा टाकी तशीच असणार.

डब्यात काय असते

बाजारात मुख्यतः दोन घडणीची किट येतात. पहिल्यात नळापासून शेवटच्या कुंडीपर्यंत सगळी नळी ४ मिमीची, मधेमधे छोटे ‘टी’ (तीन तोंडांचे जोड) आणि प्रत्येक ‘टी’ला एक तोटी. दुसऱ्यात १२ किंवा १६ मिमीची मुख्य लॅटरल (कुंड्यांच्या ओळीने जाणारी नळी) असते, तिला भोके पाडून ४ मिमीच्या छोट्या नळ्या काढायच्या आणि त्यांच्या टोकाला तोट्या लावायच्या.

पहिला प्रकार स्वस्त, दिसायला सुटसुटीत आणि दहापेक्षा जास्त कुंड्यांसाठी जवळजवळ निरुपयोगी. ४ मिमी हा बहुधा नळीचा बाहेरचा व्यास असतो. आतून ती जेमतेम ३ मिमी असते. तासाला २ लिटरच्या वीस तोट्या म्हणजे ४० लिटर पाणी या नळीतून न्यायचे, तर सुरुवातीच्या भागात दर मीटरमागे सुमारे दीड मीटर उंचीचा दाब घर्षणातच संपतो. गच्चीवर मुळात दोन-अडीच मीटर असतो. तिसऱ्या-चौथ्या कुंडीनंतर काय उरणार? चार-सहा कुंड्यांच्या खिडकीसाठी हा प्रकार ठीक आहे, पंचवीसचा दावा मात्र सोडून द्यावा.

दुसरा प्रकार घ्यावा, तोही १६ मिमीचा. १६ मिमीच्या लॅटरलमध्ये घरगुती बागेइतक्या पाण्याला घर्षण नगण्य असते, त्यामुळे पहिल्या आणि शेवटच्या कुंडीत फार फरक पडत नाही. नळी काळीच हवी. पारदर्शक किंवा फिक्या रंगाच्या नळीत ऊन शिरते, आत शेवाळ धरते आणि महिनाभरात तोट्या तुंबायला लागतात. नळीवर आयएस १२७८६ आणि तोट्यांच्या पाकिटावर आयएस १३४८७ हे भारतीय मानक छापलेले असेल तर उत्तम. स्वस्त किटांत ते सहसा दिसत नाही.

तोट्यांबाबत विक्रेते सर्रास गोंधळ घालतात. दाब-नियंत्रित तोटी (पाकिटावर ‘पीसी’ लिहिलेली) आत रबराचा छोटा पडदा असलेली असते. दाब कमी-जास्त झाला तरी ती पाणी सारखेच सोडते, पण त्यासाठी तिला किमान दाब लागतो, बऱ्याच मॉडेलना १ बारच्या आसपास. गच्चीवर ती महाग आणि बिनकामाची. खालच्या मजल्यावरच्या बाल्कनीत मात्र तीच घ्यावी. साध्या तोटीला किमान दाबाची अट नसते. तिचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. १ बारला तासाला ४ लिटर देणारी साधी तोटी ०.२५ बारला २ लिटर देते. म्हणजे गच्चीसाठी ४ लिटरच्या साध्या तोट्या घ्यायच्या आणि हिशेब २ लिटरचा धरायचा.

किटमध्ये बहुतेक वेळा तिसराच प्रकार निघतो: लाल किंवा काळ्या टोपीची, फिरवून कमी-जास्त करायची तोटी. तिचा एक मोठा गुण म्हणजे टोपी काढून दोन बोटांत साफ करता येते. दोष असा की बंदपासून तासाला वीस लिटरपर्यंतचा प्रवास एखाद्या फेऱ्यातच होतो. एकाने कौतुकाने टोपी मोकळी केली की त्या ओळीतल्या बाकीच्यांचा दाब बसतो. सगळ्या तोट्या आधी पूर्ण बंद करा, मग एकेक करून थेंब-थेंब पडण्याइतक्याच उघडा. ग्लास आणि घड्याळ घेऊन मोजा: तीन मिनिटांत १०० मिलि जमले म्हणजे तासाला २ लिटर. पहिली, मधली आणि शेवटची अशा तीन तोट्या मोजल्या तरी लाइनचा अंदाज येतो. पहिल्या आणि शेवटच्या तोटीत दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर लॅटरलची दोन्ही टोके जोडून तिचे वर्तुळ करा. पाणी दोन बाजूंनी येते आणि फरक बराच कमी होतो.

नळाला जोडायचा रबरी ॲडॉप्टर ही किटमधली सर्वांत कच्ची वस्तू. आपल्याकडच्या बऱ्याच नळांच्या तोंडाला बाहेरून आटे नसतात, त्यामुळे तो नुसता आवळून बसवतात आणि जास्त दाबाला तो रात्रीतून निसटतो. प्लंबरकडून अर्धा इंची ‘टी’ आणि स्वतंत्र कॉक बसवून घ्या, टेफ्लॉन टेप लावून आट्याचा जोड करा. एवढा एकच खर्च टाळू नका.

आणि फिल्टर. किटमध्ये ॲडॉप्टरच्या तोंडाशी बटणाएवढी जाळी असते, तिला फिल्टर म्हणणे धाडसाचे आहे. पाऊण इंची, १२० मेशचा (इंचाला १२० छिद्रे असलेल्या) जाळीचा फिल्टर दोन-तीनशे रुपयांत ठिबकच्या दुकानात मिळतो. बोअरचे किंवा टँकरचे पाणी असेल तर तो पहिल्याच दिवशी लागतो.

जोडणी

नळीचे भेंडोळे अर्धा तास उन्हात टाका, म्हणजे पीळ सैल पडतो. टोक गरम पाण्यात मिनिटभर बुडवले की जॉइनर, एल्बो सहज आत जातात. तेल किंवा साबण लावून बसवलेले जोड पुढे सरकतात. नळी ताणून बसवू नका. उन्हातान्हात दहा मीटरमागे पाच-सहा सेंटिमीटर लांबी कमी-जास्त होते, म्हणून थोडी नागमोडी सोडा.

भोके किटमधल्या पंचनेच पाडा. खिळा तापवून पाडलेले भोक अंडाकृती होते आणि आयुष्यभर गळते. भोक लॅटरलच्या वरच्या बाजूला घ्या, तळाशी बसलेला गाळ तोटीत जात नाही. जागा चुकली तर बंद करायचे छोटे बूच किटमध्ये असते; नसेल तर दहा-वीस वेगळे घ्या, लागतातच. ४ मिमीची नळी प्रत्येक कुंडीला दोन-अडीच फुटांपेक्षा लांब नको आणि तिला मधेच कमान नको. कमी दाबाला त्या कमानीत हवा अडकते आणि सगळे ठीक असूनही त्या कुंडीला पाणी येत नाही.

शेवटचे टोक बंद करण्याआधी पाणी पूर्ण सोडून पाच मिनिटे वाहू द्या. भोके पाडताना आत गेलेले प्लॅस्टिकचे कण बाहेर पडतात. नव्या किटमध्ये पहिल्याच आठवड्यात तोट्या तुंबतात त्या याच कणांनी, आणि दोष पाण्याला लागतो.

पायऱ्यांच्या स्टँडवर कुंड्या असतील तर एक हिशेब लक्षात घ्या. खालच्या पायरीला दोन मीटर उंचीचा दाब मिळत असेल आणि वरची पायरी एक मीटर उंच असेल, तर वरच्या कुंडीला खालच्याच्या सत्तर टक्केच पाणी मिळते. शिवाय टायमर बंद झाल्यावर नळीत उरलेले सगळे पाणी खालच्या कुंड्यांत उतरते. खाली पाणी आवडणारी झाडे (अळू, पुदिना, कर्दळ) आणि वर मिरची, गलांडा, सदाफुली अशी मांडणी केली की हा दोष आपोआप कामी येतो.

तोटी खोडाला टेकवून ठेवू नये. टोमॅटो, मिरची आणि शेवंतीचे खोड बुडाशी सतत ओले राहिले की कुजते. खोड आणि कुंडीचा काठ यांच्या मधोमध ती असावी. कोकोपीट जास्त असलेल्या हलक्या मिश्रणात पाणी आडवे पसरत नाही, सरळ खाली उतरते. त्यामुळे ८ इंची कुंडीला एक, १२ इंचीला दोन आणि २४ इंची ग्रो बॅगला चार तोट्या लागतात. याचाच अर्थ असा की ‘२५ कुंड्यांचे’ किट भाजीच्या बागेत फार तर दहा-बारा कुंड्यांना पुरते.

टायमर घ्यावा का

नोकरी करणाऱ्यांसाठी टायमरशिवाय या किटला अर्थ नाही. नळ उघडायला आणि आठवणीने बंद करायला माणूस लागणारच असेल तर झारी काय वाईट? फक्त टायमरची झडप कोणत्या जातीची आहे ते विचारा. सोलेनॉइड (विजेच्या चुंबकावर चालणाऱ्या) झडपेला उघडायला आणि बंद व्हायला पाण्याचाच दाब लागतो, बऱ्याच मॉडेलना अर्धा बार तरी. गच्चीवर ती अर्धवट बंद राहते आणि रात्रभर टाकी रिकामी करते. सोसायटीत त्यानंतर काय ऐकावे लागते ते सांगायला नको. बॉल व्हॉल्व्हचा टायमर छोट्या मोटरने झडप फिरवतो, शून्य दाबालाही चालतो. तो महाग असतो, साधारण दोन ते साडेतीन हजार, पण गच्चीवर दुसरा पर्याय नाही.

बॅटरी अल्कलाइन घ्या आणि संपायची वाट न बघता वर्षातून दोनदा बदला, एकदा दिवाळीच्या आधी आणि एकदा होळीच्या सुमारास. वेळ ठरवताना महापालिकेचे पाणी कधी येते ते बघा. सकाळी साडेसहाला टाकी भरत असेल तर टायमर साताचा लावा, पाचाचा नव्हे. पाणी आले नाही हे टायमरला कळत नाही. तो कोरडाच उघडतो, वेळ संपल्यावर बंद होतो, आणि मे महिन्यात एवढ्याने मोगऱ्याच्या कळ्या गळतात.

ऋतूप्रमाणे मिनिटे

किटसोबत येणाऱ्या कागदावर ‘दररोज १० मिनिटे’ असे छापलेले असते. बारा महिने, सगळ्या झाडांना! पुढचे आकडे पुणे-नाशिककडच्या गच्चीसाठी, तासाला २ लिटरची तोटी धरून आहेत. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात उन्हाळ्यात यात पाव हिस्सा वाढवा. कोकणात आणि गोव्यात हवेत दमटपणा असल्याने थोडे कमी चालते.

ऑक्टोबरच्या उन्हात १२ इंची कुंडीतल्या टोमॅटो, वांग्याला दिवसाला लिटरभर पाणी पुरते: दोन तोट्या, सकाळी पंधरा मिनिटे. झेंडू, ॲस्टर, पिटुनिया अशा ८ इंची कुंड्यांना एका तोटीतून याच पंधरा मिनिटांत अर्धा लिटर मिळतो, जरा जास्त पण चालण्यासारखा. नुकत्याच लावलेल्या रोपांना मात्र पहिले आठ-दहा दिवस हातानेच पाणी घाला. मुळे तोटीच्या ओलाव्यापर्यंत पोचलेली नसतात.

डिसेंबर-जानेवारीत वेळ निम्म्यावर आणा, आठ मिनिटे पुरेत, आणि छोट्या फुलझाडांना एक दिवसाआड. संध्याकाळचे पाणी बंद. थंडीत रात्रभर ओली राहिलेली माती म्हणजे मूळकूज, आणि कुंडीच्या कडेला हिरवे शेवाळ दिसू लागले की पाणी जास्त होते आहे हे समजावे. मोगऱ्याची छाटणी याच काळात होते; छाटणीआधी काही दिवस त्याची तोटी बंद ठेवा आणि छाटून खत दिल्यावर उघडा.

मार्चपासून हिशेब बदलतो. मे महिन्यात त्याच १२ इंची टोमॅटोला दीड ते दोन लिटर लागतात, पण ते एका दमात द्यायचे नाहीत. तीस मिनिटे सलग चालवले तर निम्मे पाणी कुंडीच्या बुडातून गच्चीवर येते. सकाळी बारा मिनिटे, संध्याकाळी ऊन उतरल्यावर बारा मिनिटे, आणि जोरदार वाढ असेल तर सकाळच्या पाण्यानंतर तासाभराने आणखी पाच. भर दुपारी नको, उन्हात पडलेल्या काळ्या नळीतले पाणी हात पोळेल इतके तापते. बुडातून थोडेसे, दिलेल्या पाण्याच्या दहावा हिस्सा, बाहेर येत असेल तर प्रमाण बरोबर आहे. बोअरचे पाणी असेल तर पंधरवड्यातून एकदा मुद्दाम जास्त वेळ चालवून मातीतले क्षार धुऊन काढा. मातीवर पांढरा थर दिसला म्हणजे उशीरच झाला.

टायमर सगळ्यांना सारखीच मिनिटे देतो, झाडांची तहान मात्र सारखी नसते. त्यामुळे फरक तोट्यांच्या संख्येने करायचा. अडेनियम, कोरफड, निवडुंग या लाइनवर घेऊच नका. मेथी, पालक, कोथिंबीर यांचे उथळ ट्रे एकेका तोटीने कधीच एकसारखे भिजत नाहीत, तोटीखाली गर्द हिरवा ठिपका आणि बाकी पिवळे असे दिसते. त्यांना तोट्या आतच बसवलेली १२ किंवा १६ मिमीची इनलाइन नळी ३० सेंटिमीटर अंतराची घ्या आणि ट्रेमध्ये दोन ओळी टाका, नाहीतर झारी.

लॉनसाठी हे किट घेऊ नका, विक्रेता काहीही म्हणो. १० बाय १० फुटांच्या हिरवळीला उन्हाळ्यात दिवसाला ५ मिमी धरले तरी ४५ लिटरच्या वर पाणी लागते आणि ते सगळीकडे सारखे पडावे लागते. काही किटांत त्यासाठी फॉगर देतात. त्याचा तुषार गच्चीवरच्या वाऱ्याने शेजाऱ्याच्या वाळवणावर जातो, आणि जवळ काकडी-दोडका असेल तर ओल्या पानांवर केवडा (बुरशीचा रोग) येतो. छोटे स्प्रिंकलर चांगले, पण त्यांना दीड बारच्या आसपास दाब हवा. गच्चीवर तो पंपाशिवाय मिळत नाही. हाताने नळी धरून पाणी मारणे हेच छोट्या हिरवळीला परवडते.

तुंबणे, कुरतडणे, खत

तोट्या तुंबण्याची कारणे तीन: गाळ, शेवाळ आणि क्षार. गाळासाठी फिल्टर आठवड्याला धुवा आणि महिन्यातून दोनदा लॅटरलचे टोक उघडून पाणी वाहू द्या. क्षारांसाठी तोट्या काढून लिंबूसत्वाच्या पाण्यात, लिटरला २० ग्रॅम, रात्रभर बुडवून ठेवा. सुई घालू नका. भोक मोठे होते आणि त्या तोटीचे प्रमाण कायमचे बिघडते.

जीवामृत, गांडूळपाणी, शेणस्लरी या लाइनमधून सोडू नये. कितीही गाळले तरी चिकट थर आत बसतोच. ते हाताने घाला. विद्राव्य खताची बाटली जोडायची सोय काही किटांत दाखवतात, पण लाइन इमारतीच्या टाकीशी जोडलेली असेल तर ती सोय वापरू नका. पाणी उलटे ओढले गेले तर खत घरांतल्या पाण्यात मिसळू शकते. खत द्यायचेच तर उंच स्टँडवर वेगळा ड्रम ठेवा आणि लाइन तिथून चालवा.

खारी उन्हाळ्यात ४ मिमीच्या नळ्या कुरतडतात, बहुधा पाण्यासाठीच. जवळ पाण्याचे उथळ भांडे ठेवले की त्रास कमी होतो, पूर्ण जात नाही. पाच-सात मीटर जादा नळी आणि मूठभर जॉइनर घरात असू द्या.

हे सुटे भाग ऑनलाइन मागवायची गरज नाही. महाराष्ट्रात द्राक्ष, डाळिंब, केळीच्या बागा ठिबकवरच उभ्या आहेत, त्यामुळे ठिबकचे दुकान जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावी सापडते. १६ मिमीची लॅटरल तिथे मीटरवर मिळते, तोट्या दोन-पाच रुपयांना एक. यादी घेऊन गेलात तर किटच्याच पैशांत किटपेक्षा जाड नळी आणि खरा फिल्टर हाती येतो. दुकानदार पहिल्यांदा ‘एकर किती?’ विचारेल, तेवढी तयारी ठेवा. शहरातल्या ज्यांना हे शक्य नाही त्यांनी १६ मिमीवाले किट घ्यावे, फिल्टर वेगळा घ्यावा, आणि किटमधला ॲडॉप्टर फेकून द्यावा.

मृगाचा पाऊस लागला की उघड्या गच्चीवरचे किट काढून ठेवायचे. आधी लाइन धुवा, तोट्या लिंबूसत्वात बुडवून वाळवा, टायमरची बॅटरी काढा. ओलसर हवेत ती आत फुटते आणि पत्रे गंजवते. छताखालच्या बाल्कनीत लाइन चालू राहू दे, पण मिनिटे थंडीइतकीच, आणि कुंड्यांखालच्या बशा काढा, डासांची पैदास तिथेच होते. ऑगस्टमध्ये उघडीप आठवडाभर लांबली तर भेंडी, गवार, दोडक्याला झारीने पाणी द्या, तेवढ्यासाठी सगळी लाइन पुन्हा मांडू नये.